मिरचीच्या लेपाला हिरवा शिक्का

बटाट्याच्या चकत्या मोज्यात घालून झोपलं की सकाळपर्यंत तळपायांची आग ओसरते, हा दावा मी नऊशे सव्वीस वेळा खोटा ठरवला आहे. व्हिडिओ नऊशे सव्वीस, माणसंही तितकीच, बटाटा मात्र तोच. आंब्याच्या झाडाला तांब्याची तार बांधून तिचं दुसरं टोक अंगठ्याला गुंडाळणाऱ्यांनाही मी लाल शिक्का मारलेला आहे. एकोणतीसचा पाढा उलटा म्हटल्यावर पायाच्या मुंग्या जातात, असं शिरपूरच्या एका सद्गृहस्थांचं म्हणणं होतं. ते मी इमानदारीने चाळीस माणसांवर करून पाहिलं. त्यातल्या सव्वीस जणांना पाढा येत नव्हता आणि उरलेल्यांना झोप लागली. त्याला मी पिवळा शिक्का दिला. पिवळा म्हणजे ‘अजून सांगता येत नाही’.

दोन हजार अडतीस साली कायदा झाला, की फोनवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक व्हिडिओवर शिक्का असलाच पाहिजे. खोट्याला लाल, खऱ्याला हिरवा. नंदुरबारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासून मी नुकताच निवृत्त झालो होतो. आता लोकांचं बोलणं तपासाल का, असं पडताळणी केंद्राने विचारलं. नमुना बदलला, वास तोच असेल असं समजून मी हो म्हटलं. मला नसांच्या दुखण्याचा विभाग मिळाला.

हे काम शक्य झालं ते एका यंत्रामुळे. त्याचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे. ते घोट्यावर बांधायचं असतं, म्हणून लोक त्याला पैंजण म्हणतात. पुरुषमंडळी सुरुवातीला लाजायची, नंतर एकमेकांचे आकडे विचारू लागली.

पायाच्या नसेत दोन तऱ्हेच्या तारा असतात असं समजा. जाड तारा स्पर्श सांगतात, कापड लागलं, कोणी हात ठेवला वगैरे. बारीक तारा चटका, टोचणं, दुखणं सांगतात. साखरेच्या आजारात या बारीक तारा बिघडतात आणि काही घडलेलं नसताना वर्दी देत सुटतात. पाय गार फरशीवर असतो, मेंदूला कळतं निखाऱ्यावर आहे. पूर्वी हे मोजायला साधनच नव्हतं. ‘दहापैकी किती दुखतं?’ असं विचारायचं आणि सून समोर बसली आहे की मुलगी, त्यावर उत्तर ठरायचं. पैंजण त्या बारीक ताराच ऐकतं. किती वेळा खोटी वर्दी गेली ते मोजतं आणि शून्य ते शंभरमध्ये आकडा देतं. उपायाआधीचा आकडा, उपायानंतरचा आकडा, मग शिक्का.

माझ्या बायकोचा आकडा एकाहत्तर होता.

योगिता शाळेत भूगोल शिकवायची. वर्गात नकाशा टांगून समाधान होत नाही म्हणून दरवर्षी पोरांना तोरणमाळ चढवून आणायची. आता तिला तळपायावर चादर सहन होत नव्हती. जेवताना पाय गार पाण्याच्या बादलीत असायचे आणि पाहुणे आले की ती बादली टेबलाखाली सरकवायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आग कमी व्हायची, पण तिला चक्कर यायची. दोनदा पडली, तेव्हा गोळ्या सुटल्या. मग फोनवर जे येईल ते ती करून बघू लागली, आणि जे येईल ते माझ्याच टेबलावरून जात होतं. माझ्या लाल शिक्क्यांमुळे भावसार परिवाराच्या ग्रुपवर मला आधीच कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नव्हतं.

“निदान आठ दिवस थांबायचं होतं शिक्का मारायला,” ती एकदा म्हणाली. ओव्याचं तेल चोळून तिला बरं वाटायला लागलं होतं आणि मी त्याच संध्याकाळी निकाल सांगितला होता. “आठ दिवस तरी बरं वाटलं असतं.”

मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं आणि पाय बादलीत घातले.

अशात सुपडाबाई आली. नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्या आहेत, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी मैदानं. हंगामात एकरभर जमीन लाल होते आणि वाऱ्याची दिशा बदलली की अर्धं गाव शिंकतं. अशाच एका पथारीवर सुपडाबाई पन्नास वर्षं मिरचीचे देठ खुडत होती. तिच्यासोबतच्या बायकांनी तिचा व्हिडिओ टाकला होता, पायाच्या आगीवर मिरचीचा लेप. शिक्का मिळायला उशीर झाला म्हणून शहात्तर वर्षांची ही बाई कॅनव्हासचे बूट घालून थेट माझ्या कचेरीत येऊन बसली.

“भाऊ, पन्नास वरीस पथारीवर काढात,” ती म्हणाली. “मना पाय एक दिन दुखना नही.”

मी पैंजण बांधून पाहिलं. आकडा दोन आला. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं बांधलं. त्यावरही दोनच.

लेपाची कृती मी इथे देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच. मिरचीचं शास्त्र मात्र सांगतो. मिरची जिभेला तिखट लागते ती चव नव्हे. बारीक तारांच्या टोकाशी चटक्याचं एक दार असतं, मिरचीतलं द्रव्य ते उघडतं आणि मेंदूला वाटतं भाजलं. पुन्हा पुन्हा, जास्त प्रमाणात हे द्रव्य लावलं की तारेचं टोक दमतं आणि आक्रसून मागे सरकतं. वर्दी बंद. त्यामुळे मिरचीने दुखणं थांबतं यात चमत्कार काहीच नाही, डॉक्टरही मोजूनमापून तसे पट्टे लावतात. सुपडाबाईच्या लेपात मात्र काहीतरी असं होतं, की द्रव्य खोल जात होतं आणि टिकून राहत होतं.

मी दोनशे बारा माणसं जमवली. त्यात योगिताचं नाव मीच घातलं.

आता त्या फॉर्मबद्दल सांगायला हवं. त्यात चौदावी सूचना होती: लेपाची जळजळ पूर्ण थांबली, तर वापर बंद करून केंद्राला कळवावे. साधी गोष्ट आहे. जळजळ थांबली म्हणजे टोकं मागे गेली, आता पुरे. त्यासाठी दर दिवशी एकच प्रश्न विचारायचा होता, ‘लेप लावल्यावर जळजळ होते का?’

हा प्रश्न पुण्यात लिहिला गेला होता. पुण्यात त्याला उत्तरही मिळालं असतं. नंदुरबारात मिरची झोंबली असं कबूल करणाऱ्या माणसाला लोक मूळ जिल्हा विचारतात. लग्नाच्या पंगतीत डोळ्यांतून पाणी वाहत असताना ‘जरा अजून वाढा’ म्हणणारे हे लोक. दोनशे बारा जणांनी पहिल्या दिवसापासून एकच उत्तर दिलं, नाही. पथारीवरच्या बायकांना तर हा प्रश्न अपमानच वाटला. “आमले मिरची लागत नही,” सुपडाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली.

पहिल्या दिवशी योगिताच्या पायांना मीच लेप लावला. तिने माझं मनगट धरलं आणि तिची नखं इतकी रुतली की रक्त आलं. दहा मिनिटांनी मी फॉर्म काढून विचारलं, जळजळ होते का?

“नाही,” ती म्हणाली आणि नाक पुसलं.

मी ‘नाही’ लिहिलं. आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या आठवड्यातही ती ‘नाही’ म्हणाली. तेव्हा ती वर्तमानपत्र वाचत होती आणि माझं मनगट मोकळं होतं. मी पुन्हा ‘नाही’ लिहिलं. पहिलं नाही खोटं होतं हे मला ठाऊक होतं. दुसरं खरं आहे, याकडे माझं लक्षच गेलं नाही. फॉर्मवर दोन्ही सारखीच दिसत होती. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘स्थानिकांना मिरचीची सवय आहे.’

बधिरपणाची तपासणी मी केली. नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवून विचारायचं, कळतं का. सगळ्यांना कळत होतं. कळणारच, स्पर्श जाड तारा सांगतात. गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या टेकवून बघायची दुसरी तपासणी ऐच्छिक होती. निवृत्त माणूस ऐच्छिक गोष्टी कशाला करील?

योगिताचा आकडा एकाहत्तरवरून सहावर आला. सगळ्यांचेच आकडे असे उतरले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी हिरवा शिक्का काढला. शाई वाळून गेली असेल असं वाटलं, पण शिक्का संगणकावरचा होता. खाली माझं पूर्ण नाव येतं, जितेंद्र नथ्थू भावसार. ग्रुपवर त्या दिवशी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. वाढदिवस फेब्रुवारीत असतो, हा जुलै होता. पण थकबाकी होती, मी घेतल्या.

महिन्याभरात तीन लाख लोक तो लेप लावत होते. घरातली बादली गच्चीवर गेली आणि योगिताने तिच्यात मोगरा लावला. ती चादर घेऊन झोपू लागली. तुम्हाला त्यात विशेष वाटणार नाही. मी मात्र सकाळी उठून ती पायावरची चादर बघत बसायचो.

नवरात्र आलं तेव्हा ती म्हणाली, यंदा मी अनवाणी. आमच्याकडे पुष्कळजण नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. योगिताला सात वर्षांत ते जमलं नव्हतं. रोज दुपारी ती देवीच्या देवळापर्यंत दीड कोस जाऊन येऊ लागली. ऑक्टोबरचं ऊन, नवा डांबरी रस्ता. बाकीच्या बायका कडेच्या गवतातून उड्या मारत जायच्या, ही मधून सरळ चालायची. एकीने घरी येऊन मला मुद्दाम सांगितलं, वहिनींवर देवीची कृपा आहे.

पाचव्या माळेला ती उपासाची खिचडी करत होती. ओट्यापासून फ्रीजपर्यंत फरशीवर एकाआड एक ओले, तांबूस ठसे उमटले होते. मी म्हटलं, लेप नीट धुतला नाहीस का. तिने मागे वळून बघितलं, म्हणाली, खरंच की. मी फडकं आणलं आणि पुसलं. एकतीस वर्षं मी रक्त तपासलेलं आहे.

सातव्या माळेला तिला ताप भरला. घरात वास कसला येतो ते शोधत आम्ही फ्रीज रिकामा केला, मोरी धुतली. शेवटी ती पलंगावर बसली, उजवा पाय मांडीवर घेऊन उलटा केला आणि बघतच राहिली. तळव्याची कातडी भाजून, फुटून अर्धी निघाली होती. टाचेच्या पुढे एक खिळा होता. त्याचं नुसतं डोकं दिसत होतं.

“कधीचा असेल हो?” तिने विचारलं. मग स्वतःच हिशेब केला. “दुसऱ्या माळेला मी सुताराच्या गल्लीतून गेले होते.”

धुळ्याच्या इस्पितळात डॉ. वळवी नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी दोन नळ्या मागवल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. योगिताला डोळे मिटायला सांगून डाव्या पायाला आळीपाळीने टेकवल्या. योगिताने दर वेळी सांगितलं, काहीतरी लागलं. गरम की गार? तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखी ती पहिल्यांदाच दिसली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला समजावलं. धडधाकट माणसात ही आक्रसलेली टोकं काही महिन्यांत परत वाढतात. साखरेच्या रोग्यात ती हळू वाढतात, कधी वाढतच नाहीत. या आठवड्यातला हा सतरावा पाय, त्या म्हणाल्या. कोणी पाय शेकोटीत ठेवून बसलं होतं, एकाच्या बुटात विंचू होता. सगळे सांगतात, काही दुखत नव्हतं हो.

“असल्या गोष्टीला हिरवा शिक्का देतं तरी कोण?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

त्यांनी संमतीपत्राचा कागद पुढे केला. त्यावरही माझीच सही लागत होती.

उजवा पाय घोट्याच्या वर चार बोटं कापला. पैंजण त्याच पायात होतं, नर्सने ते काढून पिशवीत दिलं. संध्याकाळी फोनवर संदेश आला: अभिनंदन! आपली वेदना शून्यावर आली आहे. अनुभव इतरांना कळवा.

घरी आल्यावर मी शिक्का मागे घ्यायचा अर्ज केला. केंद्राचं उत्तर नम्र होतं. हानी सिद्ध करायला पैंजणाचा आकडा वाढलेला दाखवावा लागतो आणि जोडलेल्या सर्व प्रकरणांत तो घटलेला आहे. मग मी स्वतः व्हिडिओ केला, लेप लावू नका, मी सही करणारा भावसार बोलतो आहे. नियमाप्रमाणे त्यालाही शिक्का लागणार होता. पुण्याच्या कचेरीने तो तपासला आणि पिवळा दिला. खाली लोकांनी लिहिलं, गोळ्यावाल्यांनी विकत घेतला म्हाताऱ्याला. एकाने लिहिलं, तुमच्या बायकोचा पाय साखरेने गेला, गरिबाच्या मिरचीला बदनाम करू नका. त्याला चौदा हजार अंगठे होते.

सुपडाबाई भेटायला आली. योगिताच्या पलंगाशी खाली बसली आणि बूट काढले. मी तिचे पाय पहिल्यांदाच उघडे पाहिले. पैंजण घोट्याला बांधतात, धागाही मी टाचेलाच टेकवला होता, बूट अर्धा काढून. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती, उजव्याचं एक. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तिला प्रश्नच कळला नाही.

“बोटं दुखनातच नही,” ती म्हणाली. “मंग तुले काय सांगू?”

तिने एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती.

योगिताचा डावा पाय शिल्लक होता. त्याचा लेप बंद केल्याला सहा आठवडे झाले, तेव्हा आकडा चारवरून नऊवर गेला. मी डॉक्टरांना फोन केला. टोकं परत येतायत, त्या म्हणाल्या, फार चांगलं लक्षण आहे. सतरा झाला तेव्हा मी पेढे आणले. अडतीस झाला तेव्हा योगिताने पायावरची चादर बाजूला सारली. सदुसष्ट झाला तेव्हा मी गच्चीवर जाऊन बादली आणली. मोगरा काढून ठेवला, माती धुतली आणि गार पाणी भरून पलंगाशी ठेवली. तिला एकच पाय घालायचा होता, तरी मी मोठीच बादली आणली.

ती म्हणाली, लेप करा. मी नाही म्हटलं. तिने रोज मागितला, मी रोज नाही म्हटलं. अकरा दिवस. मी तिला सांगितलं, दुखतंय म्हणजे पाय जिवंत आहे, आता खिळा लागला तर कळेल. मी तिला शास्त्र समजावलं. तिने पहिल्यासारखं नीट ऐकून घेतलं नाही, मध्येच थांबवलं.

“तुम्हाला माझा पाय हवाय,” ती म्हणाली. “मला तो नकोय हो. मला तीन महिने मिळाले होते, चादर घेऊन झोपायचे. त्याच्या बदल्यात एक पाय गेला, मला तो सौदा महाग वाटत नाही. दुसरा पण घ्या.”

मी म्हटलं, मग दोन्ही पाय नसताना काय करशील?

“झोपेन,” ती म्हणाली.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. नव्या गोळ्यांनी योगिताला दिवसभर मी दोन दिसायचो आणि दोघांचाही तिला तितकाच राग यायचा. आकडा दोनने कमी झाला. शास्त्रात दुसरं काही आहे का? आहे, त्या म्हणाल्या, पाच-सात वर्षांत येईल.

बाराव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी हातमोजे चढवले. कृती मला पाठ होती, तपासणीच्या वेळी दोनशे बारा वेळा मीच पाहिली होती. योगिता उशीला टेकून बसली होती. मी तिच्या टाचेपासून सुरुवात केली, बोटांच्या मधल्या जागा नीट भरल्या, वरून कापड गुंडाळलं. तिने माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

“जळजळ होते का?” मी विचारलं.

“खूप,” ती म्हणाली. “खूप होते हो.”

मी तिथेच बसून राहिलो. त्यानंतर रोज दुपारी लावला, रोज तेच विचारलं आणि रोज ती खरं बोलली. खूप. बरीच. थोडी. नवव्या दिवशी तिचा हात माझ्या मनगटावर नुसता ठेवलेला होता.

“थांबली,” ती म्हणाली. “आता बंद करायचा असतो ना?”

मी म्हटलं, नाही, राहू दे. आणि तिच्या पायावर चादर घातली.